सायकलींच्या मागची गाडी

४ फेब्रुवारी

आत्या,

आधी खाली बस. बसलीस? मग ऐक. तुझी भाची सायकल चालवते आहे. चाळिशी ओलांडलेली, जिना चढताना धाप लागणारी, रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधणारी तीच ही भाची. फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू कपाटात ठेवून दिलंयस, म्हणून हा कागद.

झालं असं, आमच्या वसाहतीच्या सेक्रेटरींनी 'सायकल पंधरवडा' काढलाय. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या अंगात दर महिन्याला काहीतरी नवं संचारतं. यावेळी नियम असा, की पंधरा दिवस कामावर जाणं, दूध आणणं, पोरांना शाळेत सोडणं, सगळं सायकलवर. भाग घेणाऱ्या घराने गाडीची किल्ली त्यांच्याकडे जमा करायची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी सगळ्या किल्ल्या कोंबल्यात आणि वर चिकटपट्टी लावलीय, न जाणो कोणाला रात्रीतून मोह व्हायचा.

मी ह्यांची जुनी सायकल काढली. हे जहाजावर गेले की वर्षभर तिच्यावर ओले टॉवेल वाळत असतात. दुरुस्तीवाल्याने दोन्ही ट्यूब बदलल्या आणि माझ्याकडे असं बघितलं, की ताई, तुम्ही नक्की बसणार ना? बसले. पहिल्या वळणावर तोल गेला, दुसऱ्यावर सावरला, आणि पाण्याच्या टाकीपासूनचा उतार लागला तेव्हा मी वेड्यासारखी एकटीच हसत सुटले. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई सरळ कुंपणात घुसल्या. उठल्या, पानं झटकली आणि आधी जिभेने स्वतःचे दात चाचपून बघितले. अख्खी वसाहत बघत होती.

पण खरा धक्का पुढेच आहे. तुझ्या भावाने, आमच्या आप्पांनी, किल्ली दिली. तीस वर्षं शहराची बस चालवलेला, एक ओरखडा न पडल्याची पितळी पट्टी भिंतीवर मिरवणारा माणूस, ज्यांच्या गाडीला मी नुसतं फडकं लावलं तरी "उलट्या बाजूने पुसतेस" म्हणून ओरडतात. मी भांडायच्या तयारीने पदर खोचून गेले होते. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "पंधराच दिवस? महिनाभर ठेवा म्हणावं."

त्यांनी सायकल मात्र नको म्हटलं, गुडघा दुखतो म्हणे. म्हणून आता लेकीला, चिमणीला, शाळेत मीच सोडते, त्यासाठी दुपारची पाळी मागून घेतली. एरवी तिला नेणं-आणणं आप्पांचं काम.

मनातून मात्र चिडलेत बहुतेक. हल्ली माझ्याकडे बघून बोलतच नाहीत. समोर बसले तरी माझ्या कानाच्या पलीकडे, खिडकीकडे बघून उत्तरं देतात. काय करू, सांग.

तुझी सुईवाली

---

८ फेब्रुवारी

सुईबाई,

मी बसूनच वाचते. या वयात उभ्याने वाचायला मी काय फलाटावर उभी आहे?

तुझं पत्र वाचून पोट दुखेपर्यंत हसले. शेजारच्या शिक्षिकाबाई भिंतीवरून डोकावल्या, म्हातारीला काय झालं म्हणून. त्यांना डॉक्टरीणबाईंच्या दातांचं वाचून दाखवलं. आता त्यांनाही सायकल हवी आहे. ऐंशी किलोच्या पुढची बाई, पण उत्साह बघ.

बाळ्याने किल्ली दिली हे मात्र पचायला जड आहे. हा लहानपणी स्वतःचा भोवरासुद्धा मला लांबून दाखवायचा. म्हणजे नक्की रुसलाय. किल्ली देऊन टाकायची, वरून मोठेपणा दाखवायचा आणि मग तोंड फिरवून बसायचं, ही त्याची जुनी खोड. तू लक्ष देऊ नकोस. चार दिवसांनी आपण होऊन चहा मागेल.

चिमणीला मागे नीट बांधून बसव. शाळेच्या वाटेवर तो मोठा चौक लागतो ना, ट्रक वळतात तो? तिथे उतरून चालत जा, शहाणपणा करू नकोस. आणि मला सगळं लिही. इथे माझ्याकडे सांगण्यासारखं काही घडत नाही, तुझ्याकडचंच पुरवून पुरवून वाचते.

तुझी बहिरी आत्या

---

११ फेब्रुवारी

आत्या,

मांड्या आता दुखायच्या थांबल्या. लॅबमध्ये सगळे म्हणतात, चेहऱ्यावर तेज आलंय. ते तेज नसून घाम आहे, पण मी काही बोलत नाही. गंमत म्हणजे बसने मला जितका वेळ लागायचा त्याहून कमी वेळात मी पोहोचते. आणि वाटेत माणसं भेटतात. एवढी वर्षं एका रस्त्याने जाते, पण तिथे चावीवाल्याचं दुकान आहे हे मला ठाऊकच नव्हतं. परवा डॉक्टरीणबाई मला ओव्हरटेक करून गेल्या, वर घंटीही वाजवली. भवानी कुठली.

आज लिहायचं कारण चिमणी. तुला हसू आवरणार नाही. मागच्या सीटवर बसल्याक्षणी हिची टकळी सुरू झाली. "लाल. लाल. अजून लाल. हिरवा, चल. डावीकडून स्कूटर, जाऊ दे. पांढरी गाडी थांबली, हळू. आता आजी रस्ता ओलांडतेय, थांब, थांब, गेली, चल." शाळा येईपर्यंत क्षणभर तोंड मिटलं नाही. मी विचारलं, हे काय गं? तर ऐटीत म्हणाली, "मी कंडक्टर आहे. आप्पांच्या गाडीत मी रोज पुढे बसून सांगते."

खेळाचे नियमही आहेत म्हणे. मध्येच गाणं म्हणायचं नाही. खिडकीतून कुत्रं दिसलं तरी वळून बघायचं नाही. शिंक येणार असली तर आधी सांगायचं. आणि हे आईला सांगायचं नाही, नाहीतर खेळ मोडतो. ते मला सांगून झाल्यावर तिने जीभ चावली. बघ ना, आप्पांनी नातीला खेळता खेळता रहदारीचे सगळे नियम शिकवून टाकले, आणि आम्हाला पत्ता नाही. तिच्या वर्गशिक्षिका मागे म्हणाल्या होत्या, ही शाळेत येते तीच दमलेली असते. आता कळलं, एवढी बडबड करून कोण दमणार नाही?

बाकी रविवारी, सोळा तारखेला, समारोप आहे. चाळीस-पन्नास सायकली, त्यात बरीच पोरं, वसाहतीपासून तळ्यापर्यंत जाऊन परत यायचं. मागून एक गाडी हवी, पाणी आणि औषधांची पेटी घेऊन. कोणी पंक्चर झालं, पडलं, तर उचलायला. मी लगेच आप्पांचं नाव सुचवलं. त्यांच्याइतका भरवशाचा ड्रायव्हर दुसरा कोण? आधी ते नकोच म्हणत होते. मग सेक्रेटरी घरी आले, भिंतीवरची पट्टी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा गप्प झाले. शेवटी म्हणाले, चिमणी शेजारी बसणार असेल तर येतो.

बघितलंस ना, नातीशिवाय यांचं पान हलत नाही. रुसवा मात्र तसाच आहे. अजून खिडकीशीच बोलतात.

तुझी सुईवाली

---

१४ फेब्रुवारी

सुई,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. हातात पडेल तशी उभ्या जागी वाच.

रविवारी बाळ्याला गाडी चालवू देऊ नकोस. रविवारीच नव्हे, कधीच नाही. किल्ली तू स्वतःच्या ताब्यात घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या पत्रातही तू ते खिडकीकडे बघण्याचं लिहिलं होतंस आणि मी गाढवीण हसत बसले. सुई, बाळ्या रुसलेला नाही. बाळ्याला दिसत नाही.

आमचे आबा, तुझे आजोबा, शेवटची काही वर्षं असेच बघायचे. आमचा चेहरा बघायचा असला की नजर भिंतीवर लावायचे. आम्हाला वाटायचं, रागावलेत. मग डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. समोरच्या माणसाच्या जागी त्यांना नुसता धुरकट डाग दिसायचा. घरात मजेत वावरायचे, ताट पुढ्यात ओढायचे, कोणाला शंकाही आली नसती. तू जन्मायच्या आत ते गेले, तुला कुठून कळणार?

आता हे आणि चिमणीचा खेळ एकत्र ठेवून बघ. अगं, तो खेळ नाही. ती पोर त्याला रस्ता सांगते आहे.

काल शिक्षिकाबाईंना तुला फोन करायला लावला. तू उचलला नाहीस. मग घरी लावला, तो बाळ्याने घेतला. त्यांनी माझा निरोप शब्द न शब्द सांगितला, डोळे दाखव, तोवर गाडीला हात लावू नकोस. तो म्हणाला, हो हो, पोरीला सांगतो. त्यानंतर कितीही वेळा लावला तरी कोणी उचलत नाही. त्याने सांगितलं का तुला? नसेल, तर त्यातच काय ते समज.

माझं चुकत असेल तर मला खुशाल भ्रमिष्ट म्हण. मला आनंदच होईल. पण आधी किल्ली घे.

आत्या

---

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

आत्या,

अक्षर लागलं नाही तर समजून घे.

एका अनोळखी नंबरवरून दोनदा फोन आला होता. कुठलीतरी जाहिरात असेल म्हणून मी तो कापला. आप्पा मला चकार शब्द बोलले नाहीत.

कुरिअरवाला आज सकाळी फाटकाशी आला, तेव्हा सगळ्या सायकली रांगेत उभ्या होत्या. पोरांच्या डोक्यावर रंगीत टोप्या, सेक्रेटरी शिट्टी गळ्यात अडकवून इकडून तिकडे. मी सगळ्यात शेवटी होते. माझ्या मागे आप्पांची गाडी, सुरू करून ठेवलेली, आणि शेजारच्या सीटवर चिमणी. मी एक पाय जमिनीवर टेकवून पाकीट फोडलं.

खरं सांगू? मला तुझा राग आला. म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. आप्पांना पत्र दाखवावं आणि दोघांनी मिळून तुला हसावं म्हणून मी सायकल स्टँडवर लावली आणि गाडीकडे गेले. समोरून. ते स्टीअरिंगवर हात ठेवून नेमके माझ्याकडेच बघत होते. मी हसले. ते हसले नाहीत. मी हात वर केला, पत्र हलवलं. त्यांचा चेहरा तसाच. एवढं लख्ख ऊन, मी पिवळं जाकीट घातलेलं, आणि आमच्यात जेमतेम एका सायकलीचं अंतर.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पुढच्या सायकली निघाल्या. आणि गाडी माझ्या अंगावर यायला लागली.

हळू येत होती गं. बाजूला होता आलं असतं. पण माझे पायच हलेनात. माझे वडील माझ्या तोंडाकडे बघत माझ्या अंगावर गाडी घालतायत, एवढंच डोक्यात घुमत होतं. चिमणी खाली वाकून पट्टा लावत होती. तिने मान वर केली आणि अगदी शांतपणे, रोजच्यासारखं म्हणाली, "आप्पा, थांबा. समोर आई आहे."

गाडी थांबली. बंपर माझ्या गुडघ्याला टेकला होता. काच उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं. आप्पांनी दबक्या आवाजात तिला विचारलं, "कुठे?"

आत्या, समोर चाळीस सायकली होत्या. पोरं होती. त्यांच्या मागे ही गाडी मी लावली होती, मोठ्या अभिमानाने.

मी खिडकीतून हात घालून किल्ली काढली. सेक्रेटरींना ओरडून सांगितलं, बॅटरी गेली, तुम्ही व्हा पुढे. डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, काही विचारलं नाही, पाण्याच्या बाटल्या आपल्या कॅरिअरवर बांधून घेतल्या आणि निघाल्या. लोकांपुढे आप्पांचं काही होऊ दिलं नाही, एवढंच त्यातल्या त्यात.

घरी आल्यावर चिमणीला विचारलं, कधीपासून सांगतेस तू आप्पांना? म्हणाली, पहिलीत गेल्यापासून. म्हणजे जूनपासून, आठ महिने. रोज, जाता-येता, त्या ट्रकच्या चौकातून. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

मला वाटलं होतं, आप्पा रडतील, निदान खाली मान घालतील. काही नाही. आवाज चढवून म्हणाले, "ती सांगते, मी ऐकतो. आमचं व्यवस्थित चाललं होतं. एक ओरखडा दाखव गाडीवर." व्यवस्थित चाललं होतं, म्हणे.

आता दार लावून बसलेत. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि पर्स मी उशाशी घेणार आहे.

सुई

---

१९ फेब्रुवारी

माझ्या सुई,

गुडघ्याला काही झालं नाही ना? एवढं तरी नीट लिहायचंस.

बाळ्याचा मला इतका संताप आलाय, की समोर असता तर कान पिरगाळला असता, आजोबा झाला असला तरी. आणि तितकंच रडूही येतंय. बस चालवणं सोडून त्याला दुसरं काही आलं नाही गं. माणसं त्याला चहाच्या टपरीवरसुद्धा ड्रायव्हरसाहेब म्हणतात. ते गेलं की उरतं काय, असं त्याला वाटत असणार. म्हणून त्याने सहा वर्षांच्या पोरीला पुढ्यात बसवायचं? नाही. ह्याला माफी नाही. तू ढिली पडू नकोस.

पण त्याला एकटं टाकू नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरकडे हाताला धरून ने. नाही म्हणाला तर माझा निरोप दे, की तुझ्या बहिणीने कानाचं यंत्र कपाटातून काढलंय. चार वर्षं लाजेपोटी घातलं नव्हतं. भयंकर खरखरतं, पंख्याचा आवाजसुद्धा विमानासारखा येतो, पण काल शिक्षिकाबाईंना ओरडायला न लावता, अंगणात उभी राहून त्यांच्याशी गप्पा मारल्या. त्याला म्हणावं, मी मोठी आहे, मी आधी केलं. आता तुझी पाळी.

चिमणीला जवळ घे. ती काय म्हणतेय, ते तू लिहिलंच नाहीस.

आत्या

---

२५ फेब्रुवारी

आत्या,

गुडघा ठीक आहे. तुझा निरोप दिला. यंत्राचं ऐकून आप्पा एकदा हसले, तेवढ्यावर डॉक्टरांकडे आले.

तू म्हणालीस तेच. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय, गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं टिकवायचं. डॉक्टरांनी विचारलं, गाडी वगैरे चालवता का? आप्पा म्हणाले, छे, कधीच सोडली. माझ्यादेखत. मीच मग खरं काय ते सांगितलं, तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

घरी आल्यावर आप्पांनी किल्ली मागितली. दुसऱ्या दिवशी परत मागितली. चौकातून नाही नेणार, आतल्या गल्लीतून नेतो. बरं, नुसती वसाहतीत फिरवतो. बरं, नुसती सुरू करतो, बॅटरी बसेल. मी नाही म्हटलं की ताट सरकवून उठतात. मला दिसत नाही, हे तीन शब्द मात्र तोंडातून निघत नाहीत. अंधूक दिसतं, ऊन फार होतं, चष्म्याचा नंबर वाढलाय, सगळं म्हणून झालं.

पंधरवडा संपला, तरी फाटकाशी अजून सायकली दिसतात. डॉक्टरीणबाई दवाखान्यात सायकलनेच जातात. सेक्रेटरींचा डबा रिकामा झाला, तरी निम्म्या गाड्यांवर धूळ बसलीय. मीही सायकलच ठेवली आहे. चिमणीला सोडते, आणते.

तू चिमणीचं विचारलंस. चिमणी बोलत नव्हती. सोळा तारखेपासून मागच्या सीटवर एक अक्षर नाही. सिग्नल आला, गेला, ही माझं जाकीट मुठीत धरून गप्प. मला वाटलं, बरं झालं, सुटली त्यातून. लहान आहे, विसरेल.

काल शाळेतून आणलं, बूट काढायला बसवलं. आप्पा आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं. तिने एक बूट काढला, दुसरा तसाच ठेवला आणि मला विचारलं, "आई, मी कुठला सिग्नल चुकीचा सांगितला का?"

मी म्हटलं, नाही गं, असं का म्हणतेस?

"मग आप्पांची गाडी का काढून घेतली? त्या दिवशी मी पट्टा लावत होते ना, म्हणून उशिरा सांगितलं. मी परत पट्टा नाही लावणार."

आठवडाभर ही पोर हे पोटात घेऊन शाळेत जात होती.

आतलं दार उघडलं. आप्पा बाहेर आले. भिंत चाचपत, एकेक पाऊल टाकत. घरात ते असेच चालत असणार किती दिवस, पण आम्हाला त्याचा वाराही लागू दिला नव्हता. काल त्यांनी काही लपवलं नाही. खुर्चीला अडखळले, तिला धरून खाली बसले, आणि हाताने शोधून तिचा दुसरा बूट काढला.

म्हणाले, "तू एकदाही चुकली नाहीस. चुकलो मी. मला दिसत नाही, बाळा."

डॉक्टरांना सांगितलं नाही, मला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. म्हटलं, आता ही घाबरेल, रडेल, हिला कसं समजवायचं.

चिमणीने त्यांचा हात आपल्या गालाला लावला आणि म्हणाली, "मला माहीत आहे. मी कोणाला नाही सांगितलं."

ती सहा वर्षांची आहे, आत्या.

तुझी सुई